बिनजाळाचा रस

कुरुंदवाडच्या माळभागात येऊन नागाप्पा तेरदाळेंचं घर कुठलं म्हणून विचारा, समोरचा माणूस आधी तुमच्या हाताकडं बघतो. हातात पिशवी असली तर पावणं वाइन न्यायला आलंय. हात मोकळे असले तर म्हैस बघायला. वाट दोन्हीची एकच, पण म्हशीवाल्या पावण्याला चहा पाजून, सगळी हकिगत ऐकवून मगच पुढं सोडायचं, असा आमच्या गल्लीचा रिवाज आहे. ही तीच हकिगत.

नागाप्पा साठीकडं झुकलेले. अंगानं काटकुळे, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. दारू लांबच राहिली, तंबाखूची चिमूटसुद्धा कधी तळहातावर घेतली नाही. बायको नीलम्मा त्यांच्यावर कडी करणारी. ताक जरा जास्त आंबलं तर 'उग्र लागतंय' म्हणून म्हशीच्या आंबोणात ओतून देणार. मुलगा शिवकुमार तसाच. अशा तिघांच्या घराचा धंदा काय, तर वाइन! गल्लीला हसायला दुसरं काही लागलं नाही.

पण नागाप्पांची खरी ओळख गुळव्या म्हणून. नव्वदच्या दशकात गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की त्यांना न्यायला गाड्या यायच्या. उकळत्या काहिलीसमोर हा माणूस हाताची घडी घालून उभा राहायचा, बुडबुड्याचा आवाज ऐकायचा आणि एकदम ओरडायचा, "उतरा!" क्षणभर अलीकडं नाही, पलीकडं नाही. त्या ढेपा मार्केट यार्डात वेगळ्या ओळखू यायच्या.

नागाप्पांचा सगळा जीव मळीवर. उसाचा रस तापला की वर काळपट फेस जमतो, ती मळी. रानभेंडीचं खोड ठेचून त्याचं चिकट पाणी रसात सोडायचं, म्हणजे उरलीसुरली घाण वर येते, मग झाऱ्यानं ती निपटून काढायची. रस म्हटला की मळी आली आणि मळी आली की ती काढायची, यापलीकडं जगात धर्म नाही असं त्यांचं मत. एकदा पुतणीच्या सोयरिकीला गेले होते. समोर चहा आला. यांनी कपावरची साय चमच्यानं हळूच उचलली, बशीच्या कडेला ठेवली आणि व्याह्याला म्हणाले, "मळी ऱ्हायलीया जरा." सोयरीक जमली, पण त्या घरात आजही यांना कोरा चहा देतात.

पुढं ऊस कारखान्याकडं वळला. एकेक गुऱ्हाळ थंड झालं, तसं नागाप्पांचंही चुलवाण विझलं. काहिल पालथी पडली. रस धरायच्या दगडी हौदात नीलम्माच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. नागाप्पा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा तपासू लागले.

शेतकीची डिग्री घेऊन नाशकाकडं वाइनच्या कारखान्यात नोकरीला गेलेला शिवकुमार तेवढ्यात परत आला. नुसता आला नाही, टेम्पोभर द्राक्षाच्या काड्या घेऊन आला.

"अप्पा, माळावरचा ऊस काढून द्राक्षं लावतो."

"खायची?"

"न्हाई. वाइनची."

नीलम्माच्या हातातली परात खाली पडली. "शिव शिवा! लिंग बांधून दारू गाळणार व्हय रं?"

"अव्वा, गाळत न्हाईत. ती आपोआप होती."

"आपोआप तर गल्लीत भांडणंबी होत्यात."

भांडण पुष्कळ दिवस चाललं. शेवटी नागाप्पांनी गुऱ्हाळाच्या ओट्यावर चार लोकांना बोलावलं. जोतीराम आला. संध्याकाळ कलली की घसा कोरडा पडल्याची आठवण होणारा हा शेजारी आता भलत्याच आशेनं आला होता. धोंडुबाई आली. तिच्या कानावर पडलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत नृसिंहवाडीला पोचते. सगळ्यांसमोर नागाप्पा म्हणाले, "लाव बाबा द्राक्षं. वेल फळाला यीस्तवर मी तोंड उघडत न्हाई. पण पयला रस निघाल्यावर फुडच्या बेंदरापातूर गिऱ्हाईक दारात उभं पायजे. न्हाई आलं, तर बेंदराला, बैलं सजत्यात त्याच दिवशी, नांगर घालून वेल उपटणार आन् आडसाली ऊस लावणार. हा नागाप्पाचा शबुद."

नागाप्पांचा शब्द म्हणजे काय, हे माळभागाला ठाऊक होतं. चुलतभावाशी एकदा 'बोलणार न्हाई' म्हणाले, ते त्याच्या मुलाच्या लग्नात अक्षता टाकूनसुद्धा बोलले नव्हते.

वेल वाढले. तिसऱ्या वर्षी शिवरात्रीच्या सुमाराला घड काळेभोर झाले आणि माळावर पोरगं येडंपिसं होऊन फिरू लागलं. त्याला तांबडी वाइन करायची होती. द्राक्षं चेंगरायचं यंत्र परवडेना, म्हणून म्हणाला, जुन्या पद्धतीनं पायानं तुडवू. कोंबड्यांना हाकलून त्यानं गुऱ्हाळाचा दगडी हौद घासून घासून आरशासारखा केला. गल्लीतल्या बायका हौसेनं जमल्या. तेवढ्यात हा म्हणाला, "पायातली जोडवी काढा. धातू नको रसात."

"आता गं बया!" धोंडुबाई कडाडली. "धनी जिता असताना जोडवी काढू व्हय रं मुडद्या? तुज्या दारूपायी?"

झालं. सगळ्या बायका पाय आपटत काठावर जाऊन बसल्या. घडांचा ढीग उन्हात. शिवकुमार रडकुंडीला आला. तेव्हा जोतीरामनं विजार गुडघ्याच्या वर दुमडली. नीलम्मानं त्याला हौदापाशी अडवलं आणि शिकेकाईनं त्याचे पाय इतक्यांदा धुतले, की तो म्हणाला, "वहिनी, लगीन झालं तवाबी कुणी एवढं पाय धुतलं न्हवतं!" तरी एकट्या जोतीरामनं काय होणार? नागाप्पा लांबून बघत होते. बघता बघता त्यांनी धोतराचा काचा मारला.

"सरक. रस असा तुडवत्यात व्हय? टाच मारू नगं, बी फुटंल. तळव्यानं दाब."

द्राक्षाची बी फुटली तर वाइन कडू होते, हे शिवकुमार सांगणारच होता. त्यानं तोंड मिटलं आणि बापाकडं बघत राहिला. पोटऱ्यांपर्यंत जांभळे झालेले नागाप्पा हौदात असे नाचत होते, की काठावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नीलम्मा म्हणाली, "चाळीस वर्सं झाली संसाराला, ही थेरं आजच बघतीया!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नागाप्पांचा आरडाओरडा ऐकून गल्ली जागी झाली. "नीलम्मा! ए जोत्या! या की बघाय! लवकर या!"

लोक चूळ भरायचं सोडून धावले. वाटलं, हौदात कोण पडलं. नागाप्पा हौदावरचं फडकं बाजूला करून, कान लावून वाकले होते.

"उकळतंय," ते म्हणाले. "जाळ न्हाई, चुलवाण न्हाई, आन् रस उकळतंय! ऐका, ऐका की!"

आणि खरंच, हौदातून बारीक चर्रर्र आवाज येत होता. बुडबुडे येऊन फुटत होते. शिवकुमार हसून सांगू लागला की आंबताना असंच होतं, पण नागाप्पांना ते ऐकायचंच नव्हतं. सगळं आयुष्य चिपाडाचा जाळ लावून ज्यानं रस उकळवला, त्याच्यासमोर रस आपला आपण गात होता. ते सगळ्यांचं डोकं धरून हौदाला कान लावायला लावत होते. धोंडुबाई घाबरून म्हणाली, "भूत हाय का काय आत?" तर म्हणाले, "भूत न्हाई, बाई. ह्यो जिता हाय!"

त्या दिवशी नागाप्पांच्या मनात काय उलथापालथ झाली, ते नीलम्माला लगेच कळलं. जेवताना ते एकदम म्हणाले, "बेंदूर जरा लांब असता तर बरं झालं असतं."

"मग शबुद मागं घ्या."

"शबुद? मी?"

तिथंच ते बोलणं संपलं. वेल उपटायची शपथ घेतलेल्या माणसालाच आता आपण हरावं असं वाटू लागलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

बाटल्या बघायला शिवकुमारला दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला जायचं होतं. जाताना त्यानं बापाला नीट बजावलं. "अप्पा, सालं वर तरंगून थर धरत्यात. दुपारी आन् सांजला फळीनं तो थर परत खाली दाबायचा. सालातनंच तांबडा रंग उतरतोय. बाकी काय करू नका."

नागाप्पांनी मान हलवली. सगळं नीट ऐकलं होतं. पण दुपारी फडकं उचललं, आणि बघतात तर काय, रसावर हातभर जाड, काळपट, फेसाळलेला थर! दाबायची फळी हातात घेऊन ते उभे राहिले. मळी परत रसात दाबायची? या हातानं? ज्या हातानं सोन्यासारखा गूळ उतरवला, त्या हातानं? पोरगं नाशकाला कुणाच्या तरी आळशी हाताखाली शिकलंय, असं त्यांना वाटलं. आणि इतका देखणा रस, बिनजाळाचा, जिता, तो घाण ठेवायचा?

त्यांनी आढ्याला अडकवलेला जुना झारा काढला.

अहाहा! किती वर्षांनी मनगट फिरलं! एकेक झारा भरून काळा थर निघत होता आणि खालनं जास्वंदीसारखा नितळ रस डोकावत होता. बांधावरची रानभेंडी तर हाक मारल्यासारखी समोरच होती. तीही ठेचून झाली. निघालेली मळी फेकायची कशाला? गुऱ्हाळाची मळी जनावरं आवडीनं खातात. पाटीच्या पाटी गौरव्वा म्हशीपुढं रिकामी झाली.

गौरव्वा तशी गरीब. धार काढताना शेपूटसुद्धा हलवत नाही. त्या दिवशी तिन्हीसांजेला तिनं दावं तोडलं, जोतीरामच्या कुडाला धडक दिली, धोंडुबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्याला शिंगात अडकवलं आणि तो लाल पडदा डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्याच्या मधोमध जाऊन चारी पाय फाकून उभी राहिली. कोल्हापूरहून आलेली एसटी कचकन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गौरव्वानं त्याच सुरात उत्तर दिलं. मागं ट्रॅक्टर थांबले, सायकली थांबल्या. "माजं लुगडं! माजं लुगडं!" करत धोंडुबाई म्हशीभोवती पिंगा घालू लागली. गाडीतली माणसं खाली उतरून टाळ्या पिटू लागली.

त्या गाडीत शिवकुमार होता. आपलीच म्हैस बघून तो खाली उतरला, तिच्या तोंडाजवळ गेला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्या वासात नाशकाची तीन वर्षं होती.

तो धावतच हौदाशी गेला. नागाप्पा झारा धुऊन, हात पुसून कौतुकाची वाट बघत बसले होते.

"बघ की! एक काडी ठेवली न्हाई!"

शिवकुमारनं फडकं उचललं. आत गुलाबी रस. गुलाबाच्या पाकळीसारखा गोड रंग, पण तांबडं काहीच नाही.

"अप्पा," तो खाली बसत म्हणाला, "रंग म्हशीनं खाल्ला."

नागाप्पांना उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा हातातला झारा त्यांनी हळूच पाठीमागं लपवला.

"भेंडी तर घातली न्हाईसा न्हवं?" पोरानं विचारलं.

"न्हाई," नागाप्पा म्हणाले. फार लवकर म्हणाले.

शिवकुमार चिडला नाही, हीच मोठी पंचाईत. चिडला असता तर भांडता आलं असतं. त्यानं तो गुलाबी रस उपसून स्टीलच्या टाकीत भरला, टाकीभोवती ओली पोती गुंडाळली. तांबड्या वाइनला चाललं असतं तेवढं ऊन या नाजूक रसाला चालणार नव्हतं. मग दोघं बापलेक रोज पोत्यांवर पाणी मारत राहिले. एकानं पुढून, एकानं मागून. सगळं बिघडवून बसलेला बाप रोज सकाळी टाकीला कान लावायचा आणि आत रस गातोय हे ऐकून डोळे मिटायचा. गल्लीला मात्र नवी चेष्टा मिळाली होती. नागाप्पा दिसले की जोतीराम विचारायचा, "काय गा, आज कुणाला पाजणार? शेळीला का कोंबडीला?"

बेंदूर जवळ आला. रस कधीच शांत होऊन बाटल्यांत बसला होता. तांबड्या वाइनसाठी ज्या-ज्या हॉटेलवाल्यांशी बोलणं झालं होतं, ते एकेक करून 'बघू, कळवतो' म्हणाले. उरली एकच, दीप्ती कांबळे. शिवकुमारच्या कॉलेजातली, मूळ कोडोलीची, आता गोव्याला समुद्रकाठच्या एका हॉटेलात काय प्यायला ठेवायचं ते ठरवणारी. शिवकुमारनं तिला फोनवर खरं ते सांगून टाकलं, तांबडी झाली न्हाई. ती म्हणाली, "बेंदराला गावी येणारच हाय. वाट वाकडी करून येते की. बघायला काय पैसं पडत्यात?"

बेंदराचा दिवस उजाडला. गल्लीत बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला. नीलम्मानं पुरण वाटायला घेतलं. आणि ट्रॅक्टरवाला कृष्णात, नांगर जोडून, शब्दाप्रमाणे दारात हजर.

"अण्णा, जाऊ का माळावर?"

नागाप्पांनी रस्त्याकडं बघितलं. रस्ता रिकामा. शिवकुमार मान खाली घालून बैलाला झूल चढवत होता, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.

"जा," नागाप्पा म्हणाले.

ट्रॅक्टर धडधडत गेला. नागाप्पा ओट्यावर बसले ते कुणाकडं न बघता. पुरण करपल्याचा वास आला तरी नीलम्मा जागची हलली नाही.

आणि मग एसटीतून बॅग सांभाळत दीप्ती उतरली.

मग काय सांगता! कोण खुर्ची आणतंय, कोण बाटली. गल्ली ओट्यावर चढली. पण सौदा ठरेपर्यंत ती गिऱ्हाईक नव्हे, म्हणून नागाप्पांनी नांगर थांबवायला कुणाला धाडलं नाही. दीप्तीनं पेला उजेडात धरला, फिरवला, हुंगला, एक घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला.

जोतीराम कळवळला. "ताई, अवं थुकता काय? आमी हाय की हितं!"

"दादा, थुंकल्याबिगार चव कळत न्हाई."

"थुकायचंच असंल तर बनवायचं कशापायी?" नागाप्पा पुटपुटले.

दीप्तीनं दुसरा घोट घेतला. तो मात्र थुंकला नाही. जोतीरामनं सगळ्यांकडं वळून भुवया उडवल्या.

"शिव्या," ती शिवकुमारला म्हणाली, "भर दुपारी समुद्रावर बसून मासळीसंगं तांबडी कोण मागत न्हाई रे. ही मागतील. सगळ्या बाटल्या घेते. पण फुडल्या वर्षी अशीच पायजे. हाच रंग, हीच चव. आणि एवढी लखलखीत कशानं केलीस? काचंगत दिसतीया."

शिवकुमार गोंधळला. त्यानं कसल्याच पदार्थानं ती नितळवली नव्हती. "काय की. आपोआप..."

"आपोआप म्हणून चालत न्हाई. फुडल्या वर्षी गढूळ झाली तर मी काय सांगू मालकाला? कसं केलं ते सांग, तर सौदा."

माळावरून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. नागाप्पांनी भस्माच्या पट्ट्यांवरनं हात फिरवला. खरं सांगावं तर ही शहाणी पोरगी नाक मुरडून उठणार. न सांगावं तर सौदा नाहीच, आणि तिकडं नांगर चाललाय.

"मळी काढली," ते एकदम म्हणाले. "पोरानं न्हाई, मी काढली. आन् भेंडी घातली. खोटं बोललो तुज्याशी, शिवू. मूठभरच घातली."

दीप्तीनं त्यांच्याकडं बघितलं आणि ती अशी हसत सुटली, की पेल्यातली वाइन हिंदकळली.

"अवो आज्जा, कोडोलीची हाय मी! गुऱ्हाळाच्या धगीला वाढल्याली. मला भेंडी म्हाईत न्हाई व्हय? फुडल्या वर्षी मूठभरच घाला. जास्ती नको."

शिवकुमार बापाकडं बघत होता. रागावला होता की हसत होता, ते त्याचं त्यालाच ठरेना.

पण नागाप्पा तिथं होतेच कुठं? पायात वहाण नाही, डोक्यावर टोपी नाही, धोतर एका हातात आणि दुसरा हात वर. नागाप्पा तेरदाळे पळत होते! सजवलेले बैल बिचकून बाजूला झाले. पोरं मागं लागली. जोतीराम ओरडला, "आरं, आज ह्येनं सोताच खाल्ली का काय मळी?"

"कृष्णात! ए कृष्णात! थांबीव! गिऱ्हाईक आलंया! बेंदराच्या दिवशीच आलंया, शबुद पुरा झाला! थांबीव की लेका!"

ट्रॅक्टरच्या आवाजात कृष्णातला काही ऐकू जाईना. त्याला वाटलं, म्हातारा घाई करतोय. त्यानं वेग वाढवला. शेवटी नागाप्पा ट्रॅक्टरपुढं जाऊन दोन्ही बाजूंना हात पसरून उभे राहिले, अगदी एसटीपुढं उभ्या राहिलेल्या गौरव्वासारखे. तेव्हा कुठं इंजिन बंद झालं.

कडेची एक ओळ उपटून पडली होती. नागाप्पा तिथंच मातीत बसले. एक मुळी उचलून त्यांनी उगाचच कानाला लावली. मागनं धापा टाकत आलेल्या शिवकुमारनं त्यांना हात दिला.

"एका ओळीनं काय होत न्हाई, अप्पा. लावू परत."

"द्राक्षं नगंत हितं," नागाप्पा धोतर झटकत म्हणाले. "ही वळ माजी."

त्या ओळीत आता रानभेंडी असते. शिवरात्रीच्या सुमाराला नागाप्पा तिची खोडं तोडून आणतात, झारा धुतात, आणि पोरानं घड्याळ बघून 'हं' म्हटल्याशिवाय मळीला हात लावत नाहीत. हौदाभोवती गल्ली जमते. आधी कान लावायचा मान धोंडुबाईचा, तिच्या फाटक्या लुगड्याची भरपाई म्हणून. आणि नीलम्मा तेवढ्यात गोठ्यात जाऊन गौरव्वाला दुहेरी दाव्यानं बांधते. म्हैस हौदाच्या दिशेनं तोंड करून, कान टवकारून, दिवसभर हंबरत राहते.